नदीच्या पोटातले दगड : "मला पाहशील तेव्हा रड"

एल्बेकाठी

मी मूळची अंबाजोगाईची, आता बरीच वर्षं जर्मनीत ड्रेस्डेनला राहते. आमच्या घरापासून एल्बे नदी चालत दहा मिनिटांवर आहे. मराठवाड्यातून आलेल्या माणसाला भरून वाहणारी नदी रोज दिसली की काय वाटतं ते या मंचावरच्या अनेकांना सांगायला नको. पहिली काही वर्षं मी कामावरून येताना नुसती पुलावर उभी राहायचे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच पुलावरून खाली बघवेना. काठालगत गोट्यांचे पट्टे उघडे पडले होते आणि पाण्याला वास येत होता. ऑफिसातली एक सहकारी चेक आहे. ती म्हणाली, "देचीनला जाऊन ये, दगड वर आलाय." कुठला दगड ते तिने सांगितलं नाही, म्हणाली बघ आणि मग बोलू.

देचीन हे सरहद्दीपलीकडचं गाव, इथून रेल्वेने तासाभराच्या आत. चेक लोक एल्बेला लाबे म्हणतात. स्टेशन डाव्या काठावर आहे. तिथून तिर्श पुलाकडे चालत जायचं आणि पुलाच्या अलीकडेच खाली उतरायचं. समोरच्या काठावर उंच कड्यावर किल्ला. पाण्याच्या कडेला, एरवी नदीच्या पोटात असणारा एक भलाथोरला दगड पूर्ण उघडा पडला होता. त्यावर जर्मनमध्ये कोरलंय: "वेन डू मिष झीस्ट, डान वाइने." म्हणजे, मला पाहशील तेव्हा रड.

आजूबाजूला सालं कोरलेली आहेत. १६१६, १७०७, १७४६, १७९०, १८००, १८११, १८३०, १८४२, १८६८, १८९२, १८९३. त्याआधी १४१७ चीही नोंद होती असं सांगतात, पण नांगरलेल्या नावा घासून घासून ती झिजली. मी गेले तेव्हा शेवाळ वाळून त्याचे करडे पापुद्रे झाले होते आणि उन्हात अक्षरं नीट लागत नव्हती. एक आजीबाई नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि अक्षरांवर हळूहळू धार धरली. ओल्या दगडावर एकेक आकडा गडद होत उमटला. नातू वाचत होता. पाच मिनिटांत दगड वाळला आणि आकडे परत पुसट झाले.

अशा दगडांना जर्मनमध्ये 'भुकेचे दगड' म्हणतात. नदी इतकी उतरली की पुढचं सगळं ठरलेलं असायचं. पाणचक्क्या थांबणार म्हणजे पीठ नाही. नावा चालणार नाहीत म्हणजे नावाड्यांची, हमालांची मजुरी बंद. शेतात पीक नाही, बाजारात धान्य महाग. ज्याच्या डोळ्यांसमोर हे घडलं त्याने पाण्याच्या रेषेवर साल कोरून ठेवलं, की पुढच्यांनो, पाणी इथवर उतरलं तर कणग्या तपासा.

त्याच दगडावर १९३८ साली कुणीतरी चेक भाषेत दोन ओळी घातल्यात: मुली रडू नको, कुरकुरू नको, कोरड पडली तर शेताला पाणी मार. मला त्या ओळी फार आवडल्या. वरच्या रडण्याला कुणीतरी तीन हातांवरून उत्तर दिलंय.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून हा धागा. आपल्याकडे दुष्काळाची अशी खूण कुणी पाहिली आहे का? गोष्ट नव्हे, म्हण नव्हे. दगडावरची खूण, जिला हात लावता येईल.

गोदाकाठचा

सुंदर लिहिलंय. आमच्या नाशकात गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं यावर अख्खं शहर पुराचा अंदाज बांधतं. पावसाळ्यात फोनवर पहिला प्रश्न हाच, "मारुती कुठवर बुडाला?" धरणातून किती क्युसेक सोडले हे सांगितलं तर माझ्या आईला काही कळत नाही. "मारुतीच्या गळ्याशी" म्हटलं की ती खालच्या आळीतल्या मावशीला वर बोलावून घेते.

पण तुम्ही विचारलेली खूण याच्या उलटी आहे. मारुतीच्या पायाखाली पाणी गेलं तर त्याचं पुढे काय, यावर आमच्याकडे शब्दच नाही.

एल्बेकाठी

अगदी हेच मला सांगायचं होतं! देचीनच्या किल्ल्याखालच्या कड्यावर पुराच्याही खुणा आहेत, अगदी १४३२ पासूनच्या. म्हणजे एका काठाला पूर आणि दुसऱ्या काठाला दुष्काळ. पुराच्या खुणा युरोपात गावोगाव दिसतात, चर्चच्या भिंतीवर, दारांच्या चौकटीवर. इथे ड्रेस्डेनमध्ये १८४५ चा पूर ८७७ सेंटीमीटरचा होता, २००२ चा ९४० चा, हे शाळेतली मुलंही सांगतात. कोरडीचा आकडा कुणाच्या तोंडी नसतो.

निवृत्त गेजवाला

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. त्यातली बरीच नदीवर पातळ्या घेण्यात गेली. म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पुराची खूण करणं सोपं असतं. पूर ओसरतो, भिंतीवर गाळाची ओल राहते, माणूस निवांत येऊन तिच्यावर रेघ मारतो. पुढे ती रेघ वर्षभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. दुष्काळाच्या खुणेचं तसं नाही. नदी तळाशी असेल तेवढ्या थोड्या आठवड्यांतच खाली उतरून कोरावं लागतं, आणि ते आठवडे म्हणजे माणसाच्या अंगात त्राण नसण्याचे. पुन्हा पाणी चढलं की खूण गडप. ती परत दिसणार ती पुढच्या दुष्काळातच. त्या देचीनच्या दगडावर कुणी भुकेल्या पोटी हातोडा चालवला असेल तर मी त्याला नमस्कार करतो.

आता एक सावधगिरी. अशा दगडावरची १६१६ ची रेघ आणि आजची पातळी थेट ताडून बघू नये. एकोणिसाव्या शतकात आगबोटींसाठी एल्बेचं पात्र बांधून काढलं, खोल केलं. पात्र बदललं की तेवढंच पाणी वेगळ्या उंचीवर वाहतं. दुसरं म्हणजे एल्बेला मिळणाऱ्या व्ल्तावा नदीवर विसाव्या शतकात मोठ्या धरणांची साखळी झाली. कोरड्या वर्षात ती धरणं खाली थोडं थोडं पाणी सोडत राहतात. म्हणजे २०१८ आणि २०२२ ला दगड दिसला तो धरणांनी हात देऊनसुद्धा. ती नसती तर नदी आणखी उतरली असती.

आणि तिसरं. दुष्काळ आणि उपासमार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १७७१-७२ मध्ये एल्बेकाठच्या बोहेमिया आणि सॅक्सनी या प्रांतांत भयंकर उपासमार झाली, पण ती सततच्या पावसाने आणि थंडीने पिकं कुजल्यामुळे. तेव्हा नदी भरलेली होती. ताईंनी दिलेल्या यादीत बघा, १७४६ नंतर एकदम १७९० आहे. त्या दगडाला ती भूक माहीतच नाही.

गाळपेर

वरचा प्रतिसाद तीनदा वाचला, काका. शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाही.

मी इंदापूर तालुक्यातला. आमच्याकडे कोरलेलं काही नाही, पण उजनीच्या पाण्यात बुडालेलं पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर आहे. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि मंदिर तिथंच राहिलं. पाणी उतरायला लागलं की आधी शिखर दिसतं. मग एखाद्या वर्षी खालचे दगडी खांब, अंगण, वीरगळ असं सगळं उघडं पडतं. पेपरात फोटो येतात, पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात, रिल्स निघतात. आम्हाला मात्र तो फोटो बघितला की पोटात गोळा येतो, कारण त्याचा अर्थ उजनी मायनसमध्ये गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा आहे. शून्य टक्के म्हणजे धरण रिकामं नव्हे, वापरायचं पाणी संपलं असा अर्थ. तिथून खाली उणे मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० च्या पलीकडे गेलं. त्या वर्षी मी वडिलांना घेऊन मंदिरापर्यंत गेलो. ते अंगणात उभं राहून बोटाने दाखवत होते, इथून वाट होती, तिकडं बाजार भरायचा. मग गप्प झाले.

आमचं नाव 'गाळपेर' का तर पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात. बिनखताचं पीक येतं. म्हणजे पाणी उतरणं काहींच्या पथ्यावरही पडतं, हे खरं आहे आणि ते लपवण्यासारखं नाही.

चिंचपान

वाचनखूण साठवली. गाळपेर, वडिलांकडून ऐकलेलं सगळं लिहून काढा, ही विनंती.

लांब पल्ल्याचा

गाळपेर यांच्या शेवटच्या परिच्छेदावरून आठवलं. कामानिमित्त चीनमध्ये चोंगचिंगला वर्षभर होतो. तिथून पूर्वेला यांगत्से नदीवर फूलिंग नावाचं गाव आहे. त्या गावासमोर नदीच्या पात्रात 'पांढऱ्या करकोच्याचा कणा' अशा अर्थाच्या नावाचा एक दगडी कट्टा आहे, सुमारे १६०० मीटर लांब आणि जेमतेम १५ मीटर रुंद. तो फक्त हिवाळ्यात, पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा उघडा पडायचा. त्यावर थांग राजवटीपासून मासे कोरलेले आहेत आणि माश्यांपासून पाणी किती खाली गेलं ते लिहून ठेवलेलं आहे. सगळ्यात जुनी नोंद इसवी सन ७६३ च्या पातळीची. पुढची बाराशे वर्षं लोक येत राहिले आणि लिहीत राहिले. १६५ च्या आसपास लेख आहेत आणि त्यांतून ७२ कोरड्या वर्षांची पातळी कळते. आधुनिक मोजणी केली तर त्या माश्यांची उंची तिथल्या अनेक वर्षांच्या सरासरी नीचांकी पातळीच्या जवळ निघाली. १६८५ मध्ये तिथल्या अधिकाऱ्याने झिजलेल्या जुन्या माश्यांच्या जागी दोन नवे कार्प मासे कोरवून घेतले. एकाच्या तोंडात गवताची काडी आहे, दुसऱ्याच्या कमळ.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तिथली समजूत अशी, की दगडाचा मासा पाण्याबाहेर आला म्हणजे पुढचं वर्ष सुगीचं! म्हणून लोक मासा बघायला होड्या काढून जायचे, कविता कोरायचे. एल्बेवर त्याच गोष्टीने लोकांना रडू येतं आणि यांगत्सेवर त्याच गोष्टीने सण होतो. ताईंचा धागा वाचल्यापासून मी हे दोन्ही दगड शेजारी ठेवून बघतोय.

निवृत्त गेजवाला

लांब पल्ल्याचा, फार मोलाची भर घातलीत. उत्तर बरंचसं तुमच्याच 'हिवाळ्यात' या शब्दात आहे असं मला वाटतं. फूलिंगला नदी उतरते ती थंडीत. पुढे उन्हाळी पावसाने ती फुगणारच असते, त्यामुळे हिवाळ्यातल्या कमी पाण्याने उभं पीक हातचं जात नाही. एल्बेवर मात्र घात होतो तो उन्हाळ्यात आणि शरदाच्या तोंडाशी, पीक शेतात असताना किंवा नुकतं कापलेलं असताना. पातळी एकच असली तरी महिना वेगळा असला तर अर्थ उलटा होतो. आपल्याकडे मे महिन्यात नदी कोरडी दिसली तर कुणी दचकत नाही. तीच नदी ऑगस्टात कोरडी असेल तर बाजारात ज्वारीचा भाव चढतो.

तो कट्टा आता कुठे आहे? थ्री गॉर्जेस धरणाच्या फुगवट्यात गेला असणार.

लांब पल्ल्याचा

हो काका, गेला. आता चाळीसेक मीटर पाण्याखाली आहे. पण त्यांनी तो कापून हलवला नाही. जागेवरच त्याच्यावर कमानीचं कवच बांधलं आणि आत गाळलेलं पाणी भरलं, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा राहतो आणि कवचावर भार येत नाही. २००९ मध्ये संग्रहालय उघडलं. काठावरून लांबलचक सरकत्या जिन्याने खाली जायचं आणि गोल खिडक्यांतून बघायचं. मी गेलो तेव्हा खिडकीपलीकडे हिरवट उजेडात मासा दिसला. हात लावता येत नाही. शेजारच्या चिनी काकांनी काचेवर बोट ठेवून माश्याची रेघ गिरवली, मीही गिरवली. तो मासा आता कधीच पाण्याबाहेर येणार नाही, कुठल्याच वर्षी.

शिळावाचक

धागा उत्तम चालला आहे, त्यात एक वेगळा सूर लावतो. दगडावर लिहिलंय म्हणून ते जसंच्या तसं खरं असं धरू नये. इजिप्तमध्ये आस्वानजवळ सेहेल बेटावर एक 'दुष्काळाचा शिलालेख' आहे. त्यात राजा जोसेरच्या काळात सात वर्षं नाईल चढली नाही आणि देशात अन्न उरलं नाही, असं वर्णन आहे. मात्र तो कोरला गेला टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळात, म्हणजे जोसेरनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी. आणि लेखाचा शेवट कशात होतो? राजाने ख्नूम देवाच्या देवळाला जमीन आणि उत्पन्न तोडून दिलं यात. म्हणजे देवळाच्या हक्कासाठी जुन्या दुष्काळाची साक्ष काढली आहे.

एल्बेवरचे दगड मला याचसाठी मोठे वाटतात. तिथे कुणी राजा नाही, दान नाही, हक्क नाही. साल आणि पाण्याची पातळी, बस.

एल्बेकाठी

शिळावाचक, पटलं. फक्त एक सांगते, एल्बेवरही सगळं तितकं कोरडं नाही. खाली जर्मनीत ब्लेकेडे गावाजवळच्या दगडावर लिहिलंय, "हा दगड बुडाला की आयुष्यात पुन्हा रंग भरतील." माणूस नुसता आकडा ठेवून उठू शकत नाही बहुतेक.

मिलोची भाकर

बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहितोय. आम्ही बीड जिल्ह्यातले. माझं टोपणनाव आजीवरून घेतलंय. बाहत्तरच्या दुष्काळात सरकारी मिलो मिळायचा, लाल ज्वारीसारखा. त्याची भाकर घशाखाली उतरायची नाही असं ती सांगायची. दिवसभर खडी फोडायची, संध्याकाळी सुकडीचा घास लेकराला आणायचा. आमच्या गावचा पाझर तलाव त्याच खडी-मातीचा आहे. आजी त्याला "माझा तलाव" म्हणायची.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर. आमच्या मळ्यात जुनी बांधीव विहीर आहे, सहा परस खोल. दगडी पायऱ्या, मोटेचं थारोळं अजून शाबूत आहे. बाहत्तरला आजोबांनी पाथरवटाची टाकी आणून आतल्या पडदीच्या दगडावर रेघ मारली आणि शेजारी ७२ कोरलं, असं वडील सांगतात. मी लहानपणी पोहायला उतरायचो तेव्हा बुडी मारून ती रेघ बोटाने शोधायची ही आमची शर्यत होती. पाण्याखाली डोळे उघडले की दिसायचं काही नाही, फक्त बोटाला खाच लागायची. ती दुष्काळाची आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. नदी नाही, विहीर आहे. चालेल का?

एल्बेकाठी

चालेल का काय विचारता भाऊ! वाचता वाचता डोळ्यात पाणी आलं. मी याच खुणेसाठी हा धागा काढला होता. आता तिथे पाणी कुठवर आहे?

मिलोची भाकर

ताई, आता पाणीच नाही. शिवारात बोअर झाले, चारशे-पाचशे फुटांपर्यंत गेले. विहीर जानेवारीतच तळ गाठते. चांगल्या पावसाच्या वर्षीसुद्धा रेघ उघडीच असते. त्यामुळे मुलांना ७२ म्हणजे काहीतरी भयंकर होतं हे पटवून देता येत नाही. त्यांच्या दृष्टीने त्या साली विहिरीत आजच्यापेक्षा जास्त पाणी होतं.

गाळपेर

बाप रे.

निवृत्त गेजवाला

दादा, तुम्ही जे लिहिलंत ते एल्बेच्या खोल केलेल्या पात्रासारखंच आहे. रेघ तिथंच राहिली, मोजपट्टीच खाली सरकली. म्हणून तर ती रेघ जपायला हवी. एक काम करा. कठड्याचा एक पक्का दगड धरून तिथून रेघेपर्यंत टेप सोडा आणि फूट-इंचात लिहून ठेवा. सध्याचा तळ कुठे आहे तेही मोजा. तारीख घाला. फोटो काढताना शेजारी टेप दिसू द्या. कठड्याच्या ज्या दगडावरून मोजलं त्याच्यावर ऑइलपेंटने खूण करा, म्हणजे पुढचा माणूस त्याच जागेवरून मोजेल. विहिरीत एकट्याने उतरू नका. कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच. जुन्या कोरड्या विहिरीत हवा खराब असते, आधी कंदील सोडून बघा, तो विझला तर उतरायचं नाही.

मिलोची भाकर

काका, सांगितलं तसं रविवारी केलं. कंदील तळापर्यंत जळत राहिला. दोर भावाने धरला, बाबा कठड्यावर बसले होते.

कठड्यापासून ७२ ची रेघ ३३ फूट ८ इंच. गाळाचा तळ ३९ फूट, अगदी कोरडा, भेगा पडलेला. रेघ वीतभर लांब आहे, सात आकडा जरा वाकडा आलाय. मी त्यावर बोट फिरवलं, तीच खाच.

परत वर येताना पायरीला टेकायला म्हणून हात लावला तर त्याखाली पडदीवर क्षाराचा पांढरा थर होता, तो थोडा निघाला. आत आणखी एक रेघ. खुरप्याने हळूच खरवडून बघितलं. ३७ फूट २ इंचावर, म्हणजे ७२ च्या साडेतीन फूट खाली. ही जास्त खोल कोरलेली आहे आणि दोन्ही टोकांना छोटे आडवे छेद आहेत. शेजारी साल नाही.

खालून ओरडून बाबांना विचारलं. ते म्हणाले, आजोबांनी एकच मारली होती, आपल्यासमोर. विहीर कधीची तर आजोबांच्याही आज्याच्या आधीची.

फोटो उद्या टाकतो, आत उजेड कमी होता. काका, बिनसालाच्या रेघेची नोंद कशी करायची असते?